गाईचा घास

यंदा नोव्हेंबर लागल्याचं आमच्या घरात आधी नितीनला कळलं आणि मग थर्मामीटरला. माझा नवरा एरवी शांत माणूस आहे, पण पहिलं कडक दंव पडलं आणि त्याच्या पायाला भिंगरी लागली. चहाचा कप घेऊन तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहतो, कप गार होईपर्यंत. मग गराजमध्ये जातो, काहीतरी इकडचं तिकडे करतो, परत येतो. विचारलं तर म्हणतो, "काही नाही गं, विंटर टायर्स बघत होतो." टायर कधीच बदलून झालेत, हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही. त्याचं लक्ष असतं शेताच्या टोकाच्या सीडरच्या झाडांच्या काळ्या रांगेकडे. कायोटींच्या अंगावरची फर आता दाट व्हायला लागली असणार.

मीही त्याच्यासारखीच झाले आहे. मीटिंगमधून उठते, खिडकीशी जाते, परत येऊन बसते, आणि कुणी काय विचारलं ते मला पुन्हा विचारावं लागतं. गेल्या हिवाळ्यासारख्या आई यंदाही राहायला आल्या आहेत. आई म्हणजे माझ्या सासूबाई, कराडच्या. आणि परवा सकाळी शेताच्या टोकाच्या दगडांच्या ढिगापाशी काळसर पाठीची एक कायोटी येऊन उभी राहिली होती. ती मी पाहिली, आईंनी पाहिली, नितीननेही पाहिली.

आम्ही कॅनडात, कनाटा नावाच्या उपनगराच्या पलीकडे राहतो, जिथे डांबर संपून खडीचा रस्ता सुरू होतो. सगळं जग घरून काम करत होतं त्या काळात आम्ही हे घर घेतलं. टाउनहाउसच्या पैशांत इकडे घराबरोबर जमीनही मिळत होती. मित्रमंडळी चेष्टा करायची, "काय मग, ऊस कधी लावताय?" जमीन म्हणजे नुसतं गवत, आणि टोकाला तो दगडांचा ढीग. पूर्वी इथे कसणाऱ्या लोकांनी नांगराला लागणारे दगड वेचून तिथे टाकलेले. ढिगाच्या मागे सीडरची झाडं, आणि झाडांमागे कायोटी. आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठं, लांडग्यापेक्षा लहान जनावर. दिसायचं क्वचित. संध्याकाळी त्यांची कुई ऐकू यायची, आणि पहिल्या वर्षी ती ऐकून मी दाराचं लॉक दोनदा तपासायची.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि नितीनच्या टेलिकॉम कंपनीने त्याचा पूर्ण ग्रुप कमी केला. आठवडाभर तो रोज अप्लाय करत बसला, मग दिवसाआड, आणि मग लॅपटॉप उघडून नुसता बसायला लागला. माझा पगार होता, घर चालत होतं, पण रिकामा बसलेला नवरा म्हणजे काय असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तो ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हलने उपसायचा आणि बर्फ पडायची वाट न बघता पुन्हा शोव्हल करायला जायचा.

आमचा शेजारी ग्लेन. मेंढ्या पाळतो, उन्हाळ्यात गवत विकतो आणि हिवाळ्यात कायोटी मारून त्यांची कातडी फरच्या व्यापाऱ्याला देतो. इकडे गावाकडची पुष्कळ माणसं करतात तसं, वरखर्चासाठी. नितीनचे ड्राइव्ह-वेवरचे हाल तो त्याच्या ट्रॅक्टरवरून बघत असावा. एक दिवस थांबून म्हणाला, "तो बिचारा रस्ता सोड आता. माझ्याबरोबर चल." बंदुकीचा आणि शिकारीचा कोर्स नितीनने आदल्या वर्षीच हौस म्हणून केला होता, लायसन्स ड्रॉवरमध्ये पडलं होतं. तो गेला. मला वाटलं, दोन दिवसांत थंडीने परत येईल. तो परत आला ते गालांवर लाली घेऊन. जेवताना स्वतःहून बोलला, आणि दोनदा भात घेतला.

कायोटीच्या फरशी माझी ओळख मात्र त्याच्या आधीची. कॅनडातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात, कनाटाच्या बसस्टॉपवर, माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या पार्काच्या, म्हणजे जाड हिवाळी कोटाच्या टोपीला करड्या केसांची दाट झालर होती. वारा सुटला की ती झालर तिच्या चेहऱ्याभोवती मिटायची. माझ्या सेलमधल्या जॅकेटला तसलं काही नव्हतं आणि माझं नाक मला जाणवत नव्हतं. ती झालर खोटी, शोभेची असेल असं मी धरून चालले होते. पुढे ग्लेनने सांगितलं, ती कायोटीचीच. श्वासाची वाफ तिच्यावर गोठून बसत नाही, झटकली की झाली. आता म्हणे मोठ्या कंपन्यांनी फर लावणं सोडलंय, भाव पडलेत, पेट्रोल निघालं तरी पुष्कळ. हे सांगताना तो हसत होता आणि दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा बघत होता.

शिकारीची पद्धत तशी सोपी. पांढरे कपडे घालायचे, वाऱ्याच्या उलट्या अंगाला बसायचं, आणि एक छोटी शिट्टी फुंकायची. तिच्यातून जखमी सशाचा आवाज निघतो. तो ऐकून कायोटी येतात. नितीन बेसमेंटमध्ये त्या शिट्टीचा सराव करायचा. पहिल्या दिवशी आई देवपूजा अर्धी टाकून जिना उतरत धावल्या. "रेवा! काय झालं गं, पडलीस का?" रेवा, आमची मुलगी, वर सोफ्यावर फोन बघत बसलेली. "आजी, आय ॲम हिअर! दॅट्स बाबा बीइंग वीअर्ड!" आई जिन्याच्या मधल्या पायरीवर छातीला हात लावून बसल्या आणि लेकाला म्हणाल्या, "मेल्या, लेकराच्या रडण्याचा आवाज काढतोस?" आम्ही खूप हसलो. त्याही हसल्या. पण नंतर शिट्टी वाजली की त्यांचा हात पोळीवर क्षणभर थांबायचा, आणि खरं सांगायचं तर माझाही.

आई शिकारीला मात्र एका शब्दाने आडव्या आल्या नाहीत. आम्ही रविवारी मटण खाणारी माणसं. जनावर मरतं, त्याशिवाय ताटात येत नाही, हे आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. "लेकरू चार माणसांत जातंय, हातपाय हलवतंय, जाऊ दे की," एवढंच त्या म्हणाल्या.

कातडी सोलायचं काम ग्लेनच्या शेडमध्ये व्हायचं. आमच्याकडे यायचं ते पुढचं. हे काम ग्लेनची बायको करायची, पण तिची बोटं संधिवाताने धरली होती, म्हणून तिने एकदा शिकवलं आणि माझ्या हातात लोखंडी कंगवा देऊन मोकळी झाली. कातडं धुतलेलं असायचं, लांबट फळीवर ताणलेलं, वाळत आलेलं. फरमधल्या गुठळ्या सोडवायच्या, काटे वेचायचे, आधी उलट आणि मग सुलट विंचरायचं. बेसमेंटमध्ये गणपतीच्या मखराचा खोका एका भिंतीला आणि कातड्याच्या फळ्या समोरच्या भिंतीला. साबणाचा, चरबीचा, भिजलेल्या कुत्र्याचा वास. पहिल्या दिवशी मला मळमळलं. चौथ्या-पाचव्या कातड्यानंतर मी मीटिंग संपायची वाट बघायला लागले. रेवा आता केसांना हात लावू देत नाही. इथे मात्र पाठीवरचे काळ्या टोकांचे लांब केस, त्यांच्याखाली लोकरीसारखी मऊ लव, आणि कंगवा फिरवला की सगळं उठून उभं राहायचं, जिवंत असल्यासारखं. मला ते आवडायचं. आवडायचं याची लाजही वाटायची, आणि लाज वाटूनही दुसऱ्या दिवशी माझे हात शिवशिवायचे.

आता आईंच्या घासाबद्दल.

आई रोज सकाळी जेवायच्या आधी गाईचा घास काढतात. पोळीचा चतकोर, त्यावर थोडा भात, तूप, गुळाचा खडा. कराडला त्यासाठी गाय दारात यायची, आणि आली नाही तर आई कोपऱ्यापर्यंत जाऊन तिला शोधून यायच्या. घास गेल्याशिवाय स्वतः जेवायचं नाही, लग्न होऊन आल्यापासून. इथे गाय कुठून आणायची? आसपासच्या गाई हिवाळाभर गोठ्यात बंद. मला वाटायचं, त्या तो घास मागच्या अंगणातल्या पक्ष्यांच्या फीडरखाली ठेवत असतील. मी त्या वेळी वरच्या खोलीत हेडफोन लावून बसलेली असायची. त्या रेवाचे जुने गुलाबी बूट घालायच्या, नितीनचं जॅकेट चढवायच्या आणि वाटी घेऊन बाहेर जायच्या. दहा-पंधरा मिनिटांनी गाल लाल करून परत यायच्या. व्यायाम होतोय, बरंच आहे, असं म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

जानेवारीत एक दिवस नितीन ग्लेनकडून उड्या मारतच आला. "मेधा, दगडांच्या ढिगापाशी हायवे आहे! चारी बाजूंनी पावलं येतात तिथे. आपल्याच जमिनीवर, आणि आम्ही मैलभर लांब जाऊन बसतोय!" छोट्या बुटांचे ठसेही दिसले होते त्याला, पण रेवा तिकडे खेळायला जाते असं त्याने धरलं. दुसऱ्या दिवशी तो तिथे बसला. शिट्टी फुंकायचीही गरज पडली नाही. एक मोठा नर सकाळच्या उन्हात सरळ चालत आला, जेवणाच्या वेळेला घरचं माणूस येतं तसा.

त्याचं कातडं माझ्याकडे आलं तेव्हा मी हरखून गेले. इतकं फिकट, जवळजवळ सोनेरी कातडं त्या हिवाळ्यात दुसरं आलं नव्हतं. गळ्याखाली पांढरा पट्टा, आणि डावा कान फाटलेला, जुनी जखम. मी विंचरत होते, चक्क गुणगुणत होते. आई माझा चहा घेऊन खाली आल्या. शेवटच्या पायरीवर थांबल्या. कप तिथेच पायरीवर ठेवला. मग जवळ आल्या आणि त्या फाटक्या कानाला बोटाने हात लावला.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"रोज यायचा की गं. त्या दगडांवर घास ठेवला की तिकडून झाडीतून यायचा. मी लांब उभी राहायची, मग खायचा. बरोबर त्याची बायको, काळ्या पाठीची. ती घाबरट. हा धीट." थोडं थांबून म्हणाल्या, "मीच धीट केला त्याला."

कंगवा माझ्या हातातच होता. तो कुठे ठेवावा ते मला सुचेना. पहिला विचार आला तो नितीनचा नाही, आईंचाही नाही. माझ्या बोटांना अजून तो मऊपणा लागलेला होता, त्याचा आला.

जेवायला बसलो तेव्हा आईंनीच विषय काढला, सरळ आवाजात, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसा. नितीन आधी हसला, मग त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. रेवाने फोन खाली ठेवला. "आजी, दॅट्स लाइक, लिटरली बेटिंग."

"म्हणजे काय?"

"आमिष," नितीन ताटाकडे बघत म्हणाला. "शिकारी मुद्दाम खायला ठेवतात, तिथे जनावर यायची सवय लागावी म्हणून. आई, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार?" आई म्हणाल्या. "मलाही नव्हतं. पण जेवायला बोलावलेल्याला मारत नाहीत, नितीन." एवढं बोलून त्यांनी त्याला पोळी वाढली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. राग निघून जातो, त्याचा निकाल लागतो. हे तसंच राहिलं.

त्या दिवसापासून घास बंद. पण काळ्या पाठीची यायची थांबली नाही. ठरल्या वेळी ती दगडांपाशी येऊन उभी राहायची, वास घ्यायची, घराकडे तोंड करून बसायची. आई खिडकीत. घास काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागेना. ताटावर बसायच्या, उठायच्या, पुन्हा बसायच्या. मी म्हटलं, आई, घराजवळ ठेवा, दाराशी, तिथे कुणी गोळी घालणार नाही. त्या म्हणाल्या, "आणि दाराशी यायला लागली म्हणजे? रेवा स्कूलबसला जाते त्याच दारातून." दूर ठेवला तर ती मरणार, जवळ ठेवला तर भीती आपल्याला. कितीही उलटसुलट केलं तरी तो घास कुठे बसेना. मार्चमध्ये आई कराडला परत गेल्या तेव्हा त्यांचं वजन उतरलं होतं, आणि लोक मला विचारत होते, थंडी मानवली नाही का त्यांना.

कातडी विकली गेली, ते सोनेरी कातडंही. त्यानंतर मला नवीच खोड लागली. मॉलमध्ये, क्लिनिकमध्ये, रेवाच्या शाळेच्या कॉन्सर्टला, जिथे कुठे फर लावलेली टोपी दिसेल तिथे माझे डोळे झालरीचा रंग तपासतात. एकदा एका बाईने मागे वळून विचारलं, "कॅन आय हेल्प यू?" मी म्हटलं, सुंदर आहे तुमचं जॅकेट. ती खूश झाली. मी गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

उन्हाळ्यात नितीनला नोकरी लागली, पुन्हा कनाटातच, पहिल्यापेक्षा बरी. मला वाटलं, सुटलो. आई कराडहून व्हिडिओ कॉलवर सगळ्यांची चौकशी करून झाली की शेवटी विचारायच्या, "दगडांवर कोण येतं का गं?" मी म्हणायची, गवत वाढलंय आई, दिसत नाही काही. ते खरं होतं, आणि मला ते सोयीचंही होतं.

आणि आता पुन्हा नोव्हेंबर. गवत आडवं झालं, सगळं दिसायला लागलं. ग्लेनचा फोन आला, भाव आणखी पडलेत, तरी येतोस ना? नितीन हो म्हणाला.

"आता कशाला?" मी विचारलं. "गेल्या वर्षी नोकरी नव्हती, समजू शकते. आता काय अडलंय?"

तो बुटाची नाडी सोडायला लागला. "तिथे बसलो ना मेधा, की डोक्यात काहीच राहत नाही. मेल नाही, पुन्हा काढतील ही भीती नाही. फक्त ती झाडं. दुसरीकडे कुठे असं होत नाही मला."

बेसमेंटमध्ये रिकाम्या फळ्या उभ्या आहेत, आणि त्यांच्याजवळून जाताना माझ्याही बोटांना काहीतरी होतं. पैशाचं निमित्त होतं तोवर आम्हा दोघांनाही बरं होतं.

"पण ढिगापाशी बसू नकोस," मी म्हटलं.

"कायोटी कुठे येतात ते मी ठरवत नाही," तो म्हणाला. पण माझ्याकडे बघितलं नाही त्याने.

काल शनिवार. सकाळी उशिरा उठले तेव्हा नितीनची जागा रिकामी होती. खिडकीतून बघितलं, रात्री भुरभुरलेल्या बर्फावर त्याची पावलं कुंपणाच्या कडेकडेने गेलेली. कुंपणाच्या कोपऱ्यात एक पांढरा उंचवटा, नवख्याला बर्फच वाटेल असा. तिथून दगडांचा ढीग समोर. सीडरच्या रांगेत काहीतरी हललं. काळ्या पाठीची बाहेर आली, थबकली, दोन पावलं पुढे, पुन्हा थबकली. ओरडावं तर काच बंद, फोन करावा तर त्याचा फोन बंद असणार.

तेवढ्यात खाली दार वाजलं. गुलाबी बूट, पातळावर नितीनचं जॅकेट, एका हातात स्टीलचं ताट, दुसऱ्या हातात पळी. आई शेताच्या मधोमध चालत निघाल्या होत्या आणि ताट बडवत होत्या. असा आवाज मी आमच्या त्या गप्प शेतात कधी ऐकला नव्हता. "हाड! हाड! जा मेले, पळ! पुन्हा आलीस तर बघ!" कायोटी चक्रावून उभीच राहिली. ज्या हाताने घास ठेवला तोच हात ताट बडवतोय, हे तिला कळेना. आईंनी वाकून बर्फाचं ढेकूळ उचललं आणि फेकलं. ते जेमतेम चार हातांवर पडलं. दुसरं फेकलं. ती वळली, आणि सीडरमध्ये गेली ती सरळ, मागे न बघता. आई तिथेच उभ्या राहून ताट वाजवत राहिल्या. ती दिसेनाशी झाल्यावरही कितीतरी वेळ.

नितीन धावत आला. बंदूक रिकामी करून, कुलपात ठेवून वर आला तोवर त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आई, मी तिथे होतो! समोर होतो! माझा नेम धरलेला होता, कळतंय का तुला? मी दाबलं असतं म्हणजे?"

"तू तिथं होतास हे मला ठाऊक होतं की," आई म्हणाल्या. हात थंडीने लाल झाले होते, ते त्या पदराला पुसत होत्या. डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "सकाळी जाताना बघितलं मी तुला."

"मग?"

"मग काय? तिला माणसाची भीती घालायला नको? मी काढलेली, मीच घालणार." त्यांनी तेच ताट नळाखाली धुतलं, पुसलं आणि टेबलावर ठेवलं. "उद्यापण जाणार. परवापण. जेवून घ्या आता."

आम्ही बसलो. पाण्याचा ग्लास नितीनने दोन्ही हातांनी धरला होता. आईंनी गरम पोळी घेतली, चतकोर मोडला, त्यावर भात, तूप, गुळाचा खडा. मी त्यांच्याकडे बघत होते. इतक्या महिन्यांनी त्या आमच्या घरात घास काढत होत्या. रेवाने हळूच विचारलं, "आजी, हू इज दॅट फॉर?"

आईंनी हात लांब करून तो घास नितीनच्या ताटात ठेवला.

नितीनने तो उचलला, आणि तोंडाशी नेता येईना म्हणून नुसता हातात धरून बसला.

"खा की," आई म्हणाल्या. "गार होतोय."